सुरगाण्याची चांदी, कातळावरचे निवडुंग

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला-नांदगावच्या कित्येक पट. तरीही फाल्गुन सरता सरता येथील अनेक पाड्यांवरच्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. केमच्या डोंगराच्या परिसरातून गिरणा पूर्वेकडे तापीला मिळायला निघते, नार आणि पार या नद्या पश्चिमेकडे समुद्राची वाट धरतात, कोटंबीजवळ उगम पावणारी अंबिकाही त्याच दिशेला जाते, आणि काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असल्यामुळे चार महिन्यांचे पाणी मुरण्याआधीच तालुका सोडून जाते. जे वाहून जाते त्यातले थोडे तरी धरून ठेवायचे आणि कोरड्या आठ महिन्यांत पुरवून पुरवून वापरायचे, हा या मुलखात जगण्याचा मूळ नियम आहे. भात आणि नागलीच्या कणग्या हे त्याचे उघड रूप. अंगावर घातलेली चांदी हे दुसरे रूप, आणि पाड्याच्या कुंपणाला किंवा कड्याच्या कपारीत उभ्या असलेल्या, खोडात व पानांत पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पती हे तिसरे. ज्या कारागिराच्या हाताखालून चांदी जाते आणि ज्याच्या ओटीवर डब्यांतून अशी झाडे वाढतात, त्याच्या व्यवसायाकडे साठवणीच्या या अंगाने पाहिले की एरवी विस्कळीत वाटणाऱ्या अनेक गोष्टी जुळून येतात.

ब्रिटिश अमदानीत सुरगाणा हे सुमारे ३६० चौरस मैलांचे लहानसे संस्थान होते, तेथील सत्ताधारी घराणे देशमुख या नावाने ओळखले जाई, आणि १९४८ मध्ये हे संस्थान विलीन होऊन नाशिक जिल्ह्याचा तालुका बनले. लोकवस्ती नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी, त्यात कोकणा, वारली आणि कोळी समाज प्रमुख. राज्याची सीमा नकाशावर ठळक असली तरी बाजाराला ती कधीच फारशी मान्य नव्हती. येथील माणूस वणी-नाशिककडे जसा जातो तसाच धरमपूर, वांसदा, वघईकडेही जातो, आणि त्यामुळे दागिन्यांचे घाटही डोंगराच्या दोन्ही उतारांवर बरेचसे एकसारखे आढळतात. नाशिक-खानदेशात पसरलेल्या अहिर आणि लाड सोनारांपैकी काही कुटुंबे अशा बाजारगावांतून स्थिरावली. आदिवासी बाजारातला सोनार घडवणारा, डागडुजी करणारा, कस लावणारा आणि अडीअडचणीला दागिना गहाण ठेवून घेणारा अशा चारही भूमिका एकाच बैठकीवरून निभावत असे. यातल्या शेवटच्या भूमिकेने आदिवासी भागात पुष्कळ अन्याय घडवला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सावकारीच्या पाशात गेलेली चांदी पुष्कळदा परत अंगावर आलीच नाही. तरी बँक ज्या काळात पाड्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, त्या काळात भाताच्या पेरणीसाठी किंवा आजारपणासाठी रोकड उभी करण्याचा दुसरा मार्गही जवळ नव्हता.

गळ्यातली हासळी, म्हणजे मध्ये जाड आणि टोकांना निमुळते होत गेलेले, मानेभोवती घट्ट बसणारे चांदीचे कडे, दंडातील वाकी, मनगटातले गोट, पायांतले वाळे आणि तोडे, बोटांतली जोडवी, पुरुषांच्या कानांतल्या बाळ्या आणि कमरेचा करदोडा, ही या पट्ट्यातील दागिन्यांची सर्वसाधारण यादी. जेथे चांदी परवडत नाही तेथे तिची जागा जर्मन सिल्व्हरने घेतली. नावात चांदी असली तरी तांबे, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. या सर्वांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका दागिना म्हणजे रुपयांची माळ. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया एकाच मापाचा झाला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हेच वजन तोळ्याचे प्रमाण असल्यामुळे गावातल्या सोनाराला वजनमाप आणि शुद्धतेचा दाखला या दोन्ही गोष्टी एकाच नाण्यात मिळाल्या. दहा तोळ्यांचे वाळे हवे असतील तर दहा रुपये तराजूत टाकायचे, आणि चांदी कोणत्या कसाची हे विचारायचे कारणच नाही, कारण टाकसाळीने ते आधीच ठरवून दिलेले. त्यापूर्वीची मापे जंगलातून आलेली होती. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, आणि ती लालकाळी गुंज ज्या वेलीला लागते ती वेल सुरगाण्याच्या रानात आजही वाढते. पुढे १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये ती पूर्णच काढून निकेलचा रुपया आला. म्हणून राणीच्या छापाच्या एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी मिळते, तर शेवटच्या राजाच्या छापाच्या बहुतेक रुपयांत जेमतेम ५.८ ग्रॅम, वजन तेच, आकार तोच. जाणता सोनार कडेच्या दातांच्या वेगळ्या घडणीवरून, रंगावरून आणि दगडावर टाकल्यावर उठणाऱ्या नादावरून दोन्ही वेगळे काढतो.

या माळेमागे एक मोठी आर्थिक घटना दडलेली आहे, आणि तिच्याकडे मराठीत जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. १८९३ च्या जूनपर्यंत कोणालाही आपली चांदी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत नेऊन, ठरावीक आकार भरून, तिचे रुपये पाडून घेता येत. याचा अर्थ असा की अंगावरची चांदी आणि खिशातला रुपया यांत फरक फक्त आकाराचा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील शेतकऱ्यांचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टाकसाळीत वितळले, कारण ते वितळवून धान्य घेता येत होते. साठवण ज्या कामासाठी केली होती त्या कामाला ती आली. जर्मनीसारख्या देशांनी १८७० नंतर सोन्याचे चलन स्वीकारल्यामुळे जगभर चांदीचा भाव घसरत गेला, लंडनला पाठवायच्या रकमांचा बोजा वाढला, आणि सरकारने टाकसाळी सर्वसामान्यांसाठी बंद करून रुपयाची किंमत चांदीपासून तोडली. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक हासळीचे आणि प्रत्येक तोड्याचे मोल रुपयाच्या तुलनेत उतरले. ज्यांची बचत नाण्यांत होती ते सावरले. ज्यांची बचत अंगावर होती, म्हणजे शेतकरी, आदिवासी आणि विशेषतः स्त्रिया, त्यांची साठवण कोणी हातही न लावता कमी झाली. आणि अवघ्या सहा वर्षांनी १८९९-१९०० चा, गुजरात-खानदेशात छप्पनचा म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ आला, तेव्हा मोडीला निघालेल्या चांदीला बाजारात पूर्वीचा भाव राहिलेला नव्हता. नाण्याचेच दागिने करण्याची रीत जुनीच होती, पण या घटनेनंतर तिच्यातला शहाणपणा अधिक स्पष्ट दिसतो: छाप शाबूत असलेला रुपया माळेतून काढून रुपया म्हणून चालवता येत होता, वितळलेल्या चांदीला ती सोय उरली नव्हती.

कारागिराच्या कामाची रीत समजून घ्यायची तर एका हासळीचा प्रवास पाहणे पुरेसे आहे. शुद्ध चांदी फार मऊ असते, रोजच्या वापरात ती वाकते आणि झिजते, म्हणून तिच्यात तांबे मिसळावे लागते. हजार भागांत ९२५ भाग चांदी हे जगभर रूढ असलेले प्रमाण याच गरजेतून आले आहे. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मातीच्या किंवा ग्राफाइटच्या मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, तुकडे घालून त्यावर टाकणखाराची चिमूट टाकली की खार वितळून धातूवर काचेसारखा थर धरतो आणि मळ त्यात ओढला जातो. रस लोखंडी साच्यात ओतून निघालेली कांब ऐरणीवर ठोकायला घेतली की काही काळाने ती हातोडीला दाद देईनाशी होते, कारण ठोक्यांनी धातूची आतली रचना आवळत जाते. तेव्हा ती पुन्हा तापवून मऊ करावी लागते, आणि असे तापवणे-ठोकणे एका हासळीसाठी अनेकदा होते. तापवण्याची नेमकी खूण म्हणजे मंद, गडद लाल रंग, सुमारे ६५० अंशांचा. लख्ख उजेडात तो रंग दिसतच नाही, धातू वितळायला लागला की मगच कळते. म्हणून जुन्या सोनारांची शेगडी नेहमी खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते दुकान कोंदट वाटते, पण तो अंधार हेच कारागिराचे तापमापक आहे.

जोडकामाची अडचण वेगळी आहे. सर्व धातूंत चांदी उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेते, त्यामुळे ज्या जागी सांधा द्यायचा तेवढीच जागा तापवून चालत नाही. संपूर्ण दागिना एकसारखा तापवावा लागतो आणि मग फुंकणीच्या ज्योतीचे टोक सांध्यावर आणून झाळ, म्हणजे चांदी, तांबे आणि जस्त यांचे थोड्या कमी उष्णतेला वितळणारे मिश्रण, क्षणभरात पळवावे लागते. तो क्षण हुकला तर झाळ पसरत नाही, लांबला तर बारीक तार किंवा रवा, म्हणजे चांदीचा दाणा, दागिन्यासकट वितळतो. फुंकणी तोंडाने चालवणारा कारागीर नाकाने श्वास घेत गालांतली हवा अखंड सोडत राहतो; ही सवय यायला वर्षे लागतात आणि तिची किंमत छातीला मोजावी लागते. काही झाळांत कॅडमियम असते, त्याची वाफ फुप्फुसांना अत्यंत घातक, आणि उजळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेजाबाच्या वाफाही त्याच बंद खोलीत फिरतात. हस्तकलेचे कौतुक करताना या गोष्टी गाळल्या जातात, पण ज्या कलेला धुराडे आणि खिडकी मिळत नाही तिच्याकडे पुढची पिढी का वळत नाही, हा प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही. घडण झाली की चिंचेच्या पाण्यात उकळणे, रिठ्याच्या फेसाने घासणे, आणि खालचा केर वेगळा झाडून ठेवणे. या केरातून चांदीचे कण धुऊन काढणारे झारेकरी पूर्वी गावोगाव फिरत आणि सोनाराच्या दुकानाचा केर विकत घेत.

मापाबद्दल सोनारांमध्ये एक कथा सांगितली जाते, आणि ती त्यांच्या संताची आहे. शिवाचे कट्टर भक्त असलेले पंढरपूरचे नरहरी सोनार यांच्याकडे एका भाविकाने विठ्ठलासाठी करदोडा घडवायला दिला. मंदिरात पाऊल टाकायचे नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याने आणलेल्या मापावर तो घडवला आणि तो कधी सैल तर कधी घट्ट होऊ लागला, शेवटी डोळे बांधून त्यांनी स्वतःच्या हातांनी कंबर चाचपली तेव्हा हाताला शिवाच्या खुणा लागल्या. भक्तिपरंपरेत ही कथा हरिहर एकच असल्याचे सांगते. कारागिरांच्या बाजूने वाचली तर ती आणखी एक गोष्ट सांगते: अंगावरचा दागिना परक्याच्या मापावर बसत नाही. हासळी मानेवर बसते की नाही हे घालणारीला समोर बसवूनच ठरते, आणि यंत्राने पाडलेल्या मालाला हेच जमत नाही.

दागिन्यांबरोबर सोनाराच्या हातचे दुसरे महत्त्वाचे काम म्हणजे टाक. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर देवतेची उठावाची आकृती उमटवलेली, तळहाताहून लहान पट्टी म्हणजे टाक. ती देवघरात कुलदैवताचे किंवा पूर्वजाचे रूप म्हणून पुजली जाते. नाशिक शहरात धुळवडीला निघणाऱ्या वीरांच्या मिरवणुकीत असे पूर्वजांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गोदावरीवर नेले जातात. वारली घरांत हिरवा, हिमाई आणि पावसाचा देव नारनदेव यांचे लहानसे टाक पूजेत असतात, आणि एरवी मूर्तीशिवाय डोंगर, झाड, मोरपिसे यांत देव पाहणाऱ्या समाजात चांदीचा हा पत्रा देवाला घरातली जागा देतो. टाकाचा ठसा बापाकडून मुलाकडे जातो. एक ठसा हरवला की त्या देवतेचे एक रूप त्या बाजारातून कायमचे जाते. दागिना मोडीत जाऊ शकतो, टाक जात नाही, तो झिजला तर नदीत सोडतात किंवा त्याची चांदी नव्या टाकातच घालतात, आणि म्हणून जुने घाट टाकांवर जितके टिकून आहेत तितके दागिन्यांवर टिकलेले नाहीत.

सुरगाण्याच्या चांदीवर अलीकडच्या काळात दोन बाजूंनी ताण आला. एक म्हणजे यंत्राचा: राजकोट, सेलम आणि आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथून साखळ्या, पैंजण आणि जोडवी इतक्या स्वस्त घडणावळीत येतात की गावातला सोनार घडवण्याऐवजी विकू लागला. दुसरा भावाचा: २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास चांदीने किलोला एक लाख रुपयांचा टप्पा गाठला आणि पुढच्या वर्षी ती त्याच्या खूप पुढे गेली. एक लाखाच्या भावाने धरले तरी तीनशे ग्रॅमच्या तोड्यांच्या जोडीत नुसत्या धातूचेच तीस हजार रुपये होतात. भात कापून झाल्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला असा जोड नव्याने करणे अशक्य, आणि जुना मोडण्याचा मोह मोठा. या स्थलांतराने दागिन्यावर प्रत्यक्ष खूणही उमटते. द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी गंधकाची फवारणी करतात, आणि चांदीला गंधकाइतका दुसरा वैरी नाही. धातूच्या पृष्ठभागावर काळ्या सल्फाइडचा थर धरतो आणि उजळलेले गोट काही दिवसांत काजळतात. हा थर घासून काढला की प्रत्येक वेळी चांदीचा अंशही जातो. वितळवायला नेलेल्या दागिन्यावर बट्टा, म्हणजे अशुद्धतेपोटी कापलेली रक्कम, किती लागणार हे बव्हंशी सोनाराच्या शब्दावर ठरते. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी ८०० पासून ९९९ पर्यंतच्या शुद्धतेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत आणि तिच्यावर हॉलमार्कची सोय आहे, पण सोन्यासारखी ती सक्तीची झालेली नाही. १८३५ च्या रुपयाने आदिवासी गिऱ्हाइकाला शुद्धतेची जी हमी दिली होती, ती आजच्या बाजारात त्याला पुन्हा मिळालेली नाही.

आता साठवणीच्या तिसऱ्या रूपाकडे. मांसल वनस्पती म्हणजे ज्यांच्या पानांत, खोडात किंवा मुळांत पाणी धरून ठेवणाऱ्या पेशींचा जाड गर असतो त्या. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात त्यांचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर कातळात आहे. उभ्या कड्यावर पडलेला पाऊस तासाभरात निथळून जातो, आणि मार्गशीर्षानंतर त्या खडकाची स्थिती वाळवंटाहून फारशी वेगळी राहत नाही. पाड्यांच्या कुंपणाला दिसणारा निवडुंग हा या वनस्पतींतला सर्वांत परिचित. तो अमेरिकेतून आलेल्या कॅक्टसांच्या कुळातला नाही, युफोर्बिया या वंशातला आहे, आणि दोहोंतला फरक खोडाला चीर दिली की कळतो: युफोर्बियातून पांढरा चीक येतो, कॅक्टस कुळातल्या फड्या निवडुंगातून येत नाही. हा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते, पण आयुर्वेदात स्नुही या नावाने तो औषधी मानला गेला आहे, आणि भगंदरावर वापरले जाणारे क्षारसूत्र याच चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे थर दोऱ्यावर चढवून बनते.

पाणी वाचवण्याची यांची युक्ती रात्रीची आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. या वनस्पती रंध्रे रात्री उघडतात, घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करतात. या प्रक्रियेची एक अत्यंत जुनी नोंद भारतातलीच आहे. येथे वनस्पतिशास्त्राचे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली आणि ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतात असे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले. ते निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा पूर्ण उलगडा व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. पानफुटी आज खेड्यापाड्यांत ओटीवर असते, आणि हा प्रयोग कोणालाही करून पाहता येतो.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीने या वर्गात जगाला काही अतिशय दुर्मीळ झाडे दिली आहेत. शिवनेरी-जुन्नर परिसरातील कड्यांवरून प्रकाशात आलेली आणि १८६५ मध्ये डॅलझेल यांनी शास्त्रीय नाव दिलेली शिंदळमाकुडी, मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका या नावाने जगभर ओळखली जाते. तिच्या जवळच्या नात्यातील मांसल खोडांच्या इतर झाडांना पाने जवळजवळ नसतातच. हिला पावसाळ्यात ठळक पाने येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात, पाण्याच्या वर्षाचा हिशेब ती पानांनी मांडते. जांभळट लाल पाकळ्यांवर पिवळे ठिपके असलेली तिची चांदणीच्या आकाराची फुले माश्यांना बोलावतात. नाशिककरांना अधिक जवळची गोष्ट म्हणजे त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगरावरची सेरोपेजिया अंजनेरिका, जी २००६ मध्ये शास्त्राला प्रथम माहीत झाली आणि जिचे नावच त्या डोंगरावरून पडले. सेरोपेजियांना मराठीत कंदीलपुष्पे म्हणतात. त्यांची साठवण जमिनीखालच्या कंदात असते, तो कंद खाण्याजोगा असल्यामुळे साळिंदर, रानडुक्कर आणि माणूस तिघेही तो उकरतात. फूल लहान माशीला काही काळ नळीत अडकवून ठेवते आणि त्या वेळात परागकण तिला चिकटतात.

संग्रहाचा प्रश्न येथे उभा राहतो, आणि चांदीचा व झाडांचा प्रश्न या ठिकाणी एकच होतो. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पश्चिम भागातून गेल्या काही वर्षांत गोट्यांसारखी दिसणारी कोनोफायटमची रोपे लाखोंच्या संख्येने चोरून उपटली गेली, कारण जगभरच्या हौशी संग्राहकांना ती कुंडीत हवी होती. त्यातली कित्येक रोपे वयाने खूप मोठी होती आणि ती जागेवर परत लावता येत नाहीत. आदिवासी चांदीचेही असेच होते. जुनी हासळी वजनावर विकत घेतली जाते, मुंबई-दिल्ली-जयपूरच्या दुकानांत ‘ट्रायबल ज्वेलरी’ या नावाखाली तिला अनेक पटींनी किंमत येते, आणि ती कोणत्या गावची, कोणत्या सोनाराच्या हातची, लग्नातली की देवाच्या नवसाची, हे सारे वाटेत गळून पडते. वनस्पतिशास्त्रात उगमस्थान आणि तारीख नसलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी मानतात. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममधील प्रत्येक सुकवलेल्या फांदीखाली ती चिठ्ठी असते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयासारख्या मोजक्या जागा सोडल्या तर दागिन्यांना अशी चिठ्ठी कोणी लावत नाही. सुरगाण्याच्या सोनारांकडे असलेले ठसे, त्यांची नावे आणि त्यांवरून कोणत्या पाड्यात कोणता देव जातो याची नोंद आज करता येण्याजोगी आहे. ते काम एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही एका उन्हाळ्यात जमेल.

मांसल वनस्पतींच्या बाबतीत एक दिलासा आहे: त्या फांदीवरून वाढतात. शिंदळमाकुडीची फांदी कापून, काप वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून, वाळू आणि बारीक मुरूम यांच्या मिश्रणात खोचली की ती मुळे धरते, आणि रोपवाटिकेतील अशा रोपांमुळे कड्यावरच्या झाडाला हात लावण्याचे कारण उरत नाही. मात्र पाणी जास्त झाले की ती कुजते, आणि सुरगाण्याच्या पावसात तिला वळचणीखाली उंच, निथळत्या डब्यात ठेवावे लागते. तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यांतून कोरफड, पानफुटी आणि बाजारातून आलेली परदेशी रोपे वाढवणाऱ्या कारागिराला हे ज्ञान वेगळे शिकवावे लागत नाही, कारण धातू असो की झाड, केव्हा थांबायचे हे पाहत राहण्याचीच सवय दोन्हीकडे लागते.

या सहवासातून नव्या घडणीच्या शक्यता निघतात, आणि त्या अजून पुरेशा तपासल्या गेलेल्या नाहीत. मराठी दागिन्यांनी झाडांकडून पुष्कळ घेतले आहे: बोरमाळ, जवमाळ, चिंचपेटी, जोंधळी पोत, बकुळीहार, चाफेकळी, कोयरी. यांत फळ आहे, धान्य आहे, सुगंधी फूल आहे. उन्हाळा काढणारे झाड मात्र एकही नाही. इचिव्हेरियासारख्या मांसल झाडाची पाने एकाभोवती एक सुमारे १३७.५ अंशांच्या कोनाने फुटतात, त्यामुळे वरचे पान खालच्याला पूर्ण झाकत नाही, आणि चांदीचे रवे वर्तुळात बसवताना कारागिराला नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो. जगात अनेक ठिकाणी हाताने दागिने घडवणारे आता मेणाचा साचा करून अशा झाडांचे घाट चांदीत ओततात. सुरगाण्याच्या पत्र्याच्या उठावकामात आणि रव्याच्या कामात ते अधिक हलके आणि अधिक आपले होतील. हासळीच्या निमुळत्या टोकांवर गुंडाळलेल्या तारेत निवडुंगाच्या धारा आणण्यास काहीच अडचण नाही.

पण त्यासाठी हिशेबाची रीत बदलावी लागेल. आदिवासी बाजारात घडणावळ बहुधा चांदीच्या वजनावर आकारली जाते, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या साध्या तोड्याला जितकी मजुरी मिळते तितकी तीस ग्रॅमच्या नाजूक कामाला मिळत नाही, मग त्या नाजूक कामाला चौपट दिवस का लागेनात. चांदी लाखाच्या वर गेलेली असताना ही रीत कारागिराला जड आणि साध्या कामाकडे ढकलते, आणि गिऱ्हाइकाला यंत्राच्या मालाकडे. धातूचा भाव वेगळा, शुद्धतेचा शिक्का वेगळा आणि हाताच्या दिवसांची मजुरी वेगळी अशी तीन ओळींची पावती सोनाराने द्यायला लागली, तर कमी चांदीत चांगले काम करता येईल, मोडीच्या वेळी बट्ट्याचा वाद राहणार नाही, आणि होळीपूर्वीच्या लग्नसराईत पाड्यावरच्या मुलीला परवडेल असा, हाताने घडवलेला दागिना पुन्हा सुरगाण्यातच मिळू शकेल.